‘उघडून बघितला’ की ‘उघडायला बघितला’? जपानीतल्या ‘ट्राय’ने माझा माल दोन दिवस अडकला

मकरपुरा_वाल्व (बडोदा)

नमस्कार. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, बॉल वाल्व बनवणाऱ्या एका युनिटमध्ये मी सोळा वर्षं क्वालिटी बघतो. दोन वर्षांपासून घरीच जपानी शिकतोय. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी, एन५, झाली. आता डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्याला जाऊन पुढची पातळी, एन४, द्यायची आहे. एकूण १८० पैकी ९० लागतात, तेवढे मिळतील असं वाटतं, पण व्याकरणात एका जागी माझं गाडं दर वेळी रुततं. मागच्या महिन्यात ते परीक्षेत नाही, कामावरच रुतलं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचा माल एका जपानी गिऱ्हाइकाकडे जातो. मेल इंग्रजीतच चालतात, पण शेवटी दोन ओळी जपानीत लिहिल्या की तिकडच्या साहेबांना बरं वाटतं, आणि मलाही. त्यांनी कळवलं की एका लॉटमधले काही वाल्व उघडताना जड जातायत, तुमच्याकडे त्याच लॉटचे नमुने असतील तर तपासा. आम्ही दर लॉटमधले चार नग राखून ठेवतो. ते चारही मी टेबलावर घेतले, हँडल लावलं आणि एकेक उघडला. तीन लोण्यासारखे फिरले. चौथाही पूर्ण नव्वद अंश फिरला, फक्त सुरुवातीला हाताला जोर लागला. ग्लँडचा, म्हणजे दांड्याभोवतीच्या गळतीरोधक भागाचा, नट जरा जास्त आवळला गेला होता. तो पाव फेरा ढिला केला की काम संपलं. म्हणजे बातमी चांगलीच होती. मी लिहिलं:

“योन्बान नो बारुबु ओ आकेयो तो शिमाशिता. सुकोशि काताकात्ता देस.”

माझ्या मनात होतं: चौथा वाल्व उघडून बघितला, थोडा कडक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, “आकानाकात्ता नो देस का?” म्हणजे, उघडलाच नाही का? आणि खाली इंग्रजीत, पुढचा डिस्पॅच थांबवा. पॅक झालेला माल दोन दिवस शेडमध्ये पडून राहिला. शेवटी वाल्व उघडतानाचा व्हिडिओ पाठवला तेव्हा सुटका झाली. मला कुणी काही बोललं नाही. पण काम बरोबर होऊनही माझ्या एका ओळीमुळे ते चुकलेलं दिसलं, हे फार लागलं.

घरी येऊन वही उघडली. ‘ते मिरु’ यापुढे लिहिलंय ट्राय. ‘यो तो सुरु’ यापुढेही ट्राय. दोन पानं पुढे ‘यो नि सुरु’, तिथेही ट्राय. सगळ्या नोट्स मी इंग्रजीतूनच उतरवल्यात. या तिन्हींत फरक काय, आणि लिहिताना चटकन कसं ठरवायचं? नुसतं पाठांतर नको आहे. पाठ तर होतंच.


सावकाश_शिकतोय (पुणे)

आधी रूपांचं सांगतो, कारण मलाही तिथेच वेळ लागला. ‘मिरु’च्या आधी क्रियापदाचं ते-रूप येतं: ताबेरुचं ताबेते, नोमुचं नोन्दे, काकुचं काइते, इकुचं इत्ते, सुरुचं शिते. ‘तो सुरु’च्या आधी ‘-ऊया’चं रूप येतं: ताबेयो म्हणजे खाऊया, नोमो पिऊया, काको लिहूया, इको जाऊया, शियो करूया. त्यातला ओ लांब ओढायचा. तुमचं ‘आकेयो’ या दुसऱ्या गटातलं. रूप तुम्ही बरोबरच बनवलंत, फक्त ते त्या जागेचं नव्हतं.

माझा एक ठोकताळा आहे. ‘ते मिरु’त काम होऊन गेलेलं असतं, ‘यो तो सुरु’त ते व्हायचं असतं किंवा राहून गेलेलं असतं. याच्या खोलात मी शिरलेलो नाही.


सुरसागरकाठी (बडोदा)

भाऊ, मी दांडिया बाजारात राहते. यजमानांच्या नोकरीमुळे सहा वर्षं नागोयात काढली, आता घरच्या गच्चीवर चार मुलांना जपानी शिकवते. तुमची ओळ वाचली आणि जीव हळहळला, कारण हीच चूक माझी मुलंही करतात, आणि तीही इंग्रजीतून आलेल्या नोट्समुळेच. मराठी माणसाने इथे अडखळायचं कारणच नाही.

वही काढा आणि तो इंग्रजी शब्द तिन्ही ठिकाणी खोडा. ‘ते मिरु’पुढे लिहा: करून बघणे. ‘यो तो सुरु’पुढे: करायला बघणे. ‘यो नि सुरु’पुढे: करायचं बघणे.

आता हे तिन्ही मोठ्याने म्हणा. वाल्व उघडून बघितला. वाल्व उघडायला बघितला. रोज तासभर चालायचं बघतो. तुमच्या घरात कुणी या तिन्हींची गल्लत करेल का? सात वर्षांचं पोरही करणार नाही. आपल्याकडे तिन्ही ठिकाणी ‘बघणे’च आहे, आणि सगळा अर्थ त्याच्या आधीच्या शेपटीत आहे: -ऊन, -आयला, -आयचं. जपानीतही तो फरक आधीच्या शेपटीत दिसतो, फक्त त्यांनी मिरु, म्हणजे बघणं, पहिल्यालाच ठेवलं आणि बाकी दोघांना सुरु, म्हणजे करणं, दिलं.

पहिल्यावर जरा थांबते, कारण तो फार आपला आहे. नागोयात आमच्या घराजवळच्या दुकानात एक बाई लोणच्याचे काप टूथपिकला टोचून ताटलीत मांडून उभी असायची. मुळ्याचं पिवळं लोणचं, ताकुआन. मला पहिल्या आठवड्यात भाषा काही कळत नव्हती. तिने ताटली पुढे केली आणि म्हणाली, “ताबेते मिते कुदासाइ.” ताबेते म्हणजे खाऊन, हे मी शिकले होते. मिते म्हणजे बघ, हेही माहीत होतं. मी तिथेच उभी राहिले. ही बाई मला ‘खाऊन बघा’ म्हणतेय! खंडेराव मार्केटात बोरंवाला काय म्हणतो? “चाखी जुओ, बेन.” हिंदीवाला म्हणतो चखके देखो. आपण म्हणतो चाखून बघ. यातलं कुणी डोळ्यांनी बघत नाहीये, सगळे जिभेने बघतायत. म्हणूनच जपानीत हा मदतनीस ‘मिरु’ सहसा कांजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत, लिहीत नाहीत, साध्या हिरागानात, म्हणजे उच्चारानुसार लिहायच्या अक्षरांत, लिहितात. कांजीतला मिरु डोळ्यांचा, हिरागानातला अनुभवाचा. शिकवताना मी मुलांना याच जागी थांबवते.

कपड्यांच्या दुकानात “किते मिते मो ई देस का?” म्हणजे “घालून बघू का?” मंगळ बाजारात आपण विचारतो तसंच, शब्दाला शब्द. मिरुचा भाऊ मिसेरु, म्हणजे दाखवणे. “यात्ते मिसेरु!” म्हणजे “करून दाखवीन!” मूठ वळूनच म्हणतात तेही.

आता तुमचा ‘यो तो सुरु’. यात पाऊल उचललेलं असतं, पोचल्याचं त्यात काही सांगितलेलं नसतं. “इए ओ देयो तो शिता तोकि, देन्वा गा नात्ता”: घरातून निघायला आणि फोन वाजायला एक गाठ पडली. निघालेलो नाही, पण निघत होतो. ‘करायला बघणे’चं जरा जुन्या वळणाचं रूप म्हणजे ‘करू पाहणे’, आणि ते इथे आणखी नेमकं बसतं, कारण ते निर्जीवालाही चालतं. संध्याकाळी सुरसागरच्या पाळीवर बसलं की महादेवाच्या मूर्तीमागे आभाळ तांबूस होतं, तेव्हा “हि गा शिझुमो तो शिते इरु”, सूर्य मावळू पाहतोय. इथे तुमच्या नोट्समधला इंग्रजी शब्द ठेवला तर सूर्य प्रयत्न करतोय असं होईल. मराठीत काहीच अडत नाही.

‘करून पाहणे’ आणि ‘करू पाहणे’ यांत फक्त एका ‘न’चा फरक आहे. तुमचा माल त्या एका ‘न’साठी शेडमध्ये अडकला, भाऊ. तुम्ही लिहिलंत “उघडू पाहिला, थोडा कडक होता.” हे वाचून मीही विचारलं असतं, मग उघडला की नाही?

याचं नकारी रूप वेगळं लक्षात ठेवा. माझा नातू ताप आला की ओठ घट्ट मिटून बसतो. “कुसुरि ओ नोमो तो शिनाइ.” औषध घ्यायला बघतच नाही, म्हणजे तयारच नाही. इथे प्रयत्नाचा संबंध संपतो आणि हट्ट येतो. हे दुसऱ्याबद्दल बोलताना वापरतात.


फतेगंज_रेल्वेकॉलनी (बडोदा)

ताई, समजावलंत छान, पण एक शंका आहे. आपण मराठीत “खूप उघडून बघितलं, पण उघडेना” असंही म्हणतोच की. बरणीचं झाकण, दाराची कडी. तिथे ‘उघडून’ असूनही उघडलेलं नसतं. मग ‘करून बघणे’ म्हणजे काम झालंच, हे कसं?


सुरसागरकाठी (बडोदा)

शंका अगदी बरोबर आहे, आणि मी ती वगळून पुढे जायला नको होतं. बोलताना जपानी माणूसही असं सैल बोलतो. पण ज्या कागदावर माल सुटणार किंवा थांबणार, त्यावर सैल वाक्य नको. तिथे एक युक्ती करा. तुमच्या हाताने जे नक्की केलं ते क्रियापद मिरुला जोडा, आणि निकाल वेगळा सांगा. दार ढकलणं तुमच्या हातात, उघडणं दाराच्या. “ओशिते मिता केदो, आकानाकात्ता”: ढकलून बघितलं, पण उघडलं नाही. ढकललं हे शंभर टक्के खरं, उघडलं नाही हेही शंभर टक्के खरं. वाल्वचं असेल तर “हान्दोरु ओ मावाशिते मिमाशिता गा, आकिमासेन देशिता.” हँडल फिरवून बघितलं, पण उघडला नाही.

आकेरु आणि आकु यांची जोडीही इथेच पाठ होऊन जाते. आकेरु म्हणजे आपण उघडणं, आकु म्हणजे आपोआप उघडणं. साहेबांनी तुम्हाला विचारताना ‘आकानाकात्ता’ म्हटलं, कारण ते वाल्वबद्दल विचारत होते. तुमच्या मेहनतीबद्दल त्यांना शंका नव्हती. ते मनाला लावून घेऊ नका.


सावकाश_शिकतोय (पुणे)

हे वाचून मी माझी वही पुन्हा मराठीत लिहायला घेतली, आणि एकामागून एक सापडत चाललंय. एन४च्या यादीत ‘यो तो ओमोउ’ आहे, उदाहरणार्थ “काको तो ओमोइमास”. मी त्यापुढे ‘लिहिण्याचा विचार करतो’ असं लिहिलं होतं. आज सकाळी आई म्हणाली, “यंदा गावी जावं म्हणते,” आणि मी चहाचा कप खाली ठेवला. ‘जावं म्हणते’ हेच ते! ती कुणाला काही म्हणत नव्हती, मनाशी ठरवत होती. मग ‘ते ओकु’ म्हणजे करून ठेवणे, ‘ते शिमाउ’ म्हणजे करून टाकणे. आणि घरातून निघताना जपानी माणूस “इत्ते किमास” म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणालं तर आजी ओरडायची, ‘येतो’ म्हण.

ताई, तुमच्या गच्चीवर लांबून बसता येईल का?


मकरपुरा_वाल्व (बडोदा)

ताई, काय सांगू. दोन वर्षं जे डोक्यात बसत नव्हतं ते एका जेवणाच्या सुट्टीत बसलं. उघडून बघितला, उघडायला बघितला: मी हे शेडमध्ये मोठ्याने म्हणून बघितलं. आमचा फिटर गुजराती आहे. त्याला विचारलं, “खोली जोयो” म्हणजे वाल्व उघडला की नाही? तो म्हणाला, उघडलाच ना, त्याशिवाय जोयो कसं म्हणणार. म्हणजे माझ्याच टेबलावर उत्तर होतं आणि मी ते इंग्रजीत शोधत होतो.

आता तिसरा. तुम्ही ‘करायचं बघणे’ म्हणून पुढे गेलात, आणि मला नेमकी त्याचीच गरज आहे. अडकलेल्या मालाबद्दल लिहायचंय की दहा तारखेपर्यंत पाठवायचा प्रयत्न करू. मी दोन वाक्यं केली आहेत, “ओकुत्ते मिमास” आणि “ओकुरो तो शिमास”. या वेळी पाठवण्याआधी विचारतोय.


सुरसागरकाठी (बडोदा)

दोन्ही पाठवू नका. बरं झालं विचारलंत.

“ओकुत्ते मिमास” म्हणजे ‘पाठवून बघतो’. पाठवलं तर काय होतं ते बघू, असा त्याचा सूर. गिऱ्हाइकाला वाटेल, यांना स्वतःच्या मालाचीच खात्री नाही. “ओकुरो तो शिमास” तर स्वतःच्या पुढच्या बेताबद्दल कुणी म्हणतच नाही. ‘मी पाठवू पाहतो आहे’ असं आपण तरी कुणाला कळवतो का?

तुम्हाला हवं ते असं: “तोओका मादे नि ओकुरु यो नि शिमास.” दहापर्यंत पाठवायचं बघतो. इथे रूपाकडे नीट लक्ष द्या, कारण दोन्हीकडे ‘यो’ ऐकू येतं आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आकेयोमधलं ‘यो’ ही क्रियापदाची शेपटी आहे, पुढे ‘तो’ येतं. ‘ओकुरु यो नि’मधलं ‘यो’ स्वतंत्र शब्द आहे, अर्थ रीत, तऱ्हा. त्याच्या आधी क्रियापद शब्दकोशात असतं तसंच राहतं आणि पुढे ‘नि’ येतं. त्या रीतीने करीन, तशी व्यवस्था ठेवीन, असा भाव. म्हणून सवयींसाठी हाच चालतो: “माइनिचि आरुकु यो नि शिते इमास”, रोज चालायचं ठेवलंय. डॉक्टर जेव्हा मीठ कमी करा म्हणतात, तेव्हा त्यांना द्यायचं उत्तरही याच साच्यातलं.

पण माझं मत विचाराल तर, दहा तारीख तुमच्या हातात असेल तर नुसतं “तोओका मादे नि ओकुरिमास” लिहा. पाठवतो. दोन दिवस थांबलेल्या माणसाला त्यातच बरं वाटेल.

पुणेकर दादा, गच्ची छोटी आहे, पण फोन उभा करून ठेवता येतो. रविवारी सकाळी सातला. मुलं आधी दहा मिनिटं फक्त ‘ते’ रूपं म्हणतात, तेवढं चालवून घ्या.


मकरपुरा_वाल्व (बडोदा)

दहा तारीख हातात आहे. ‘ओकुरिमास’च लिहिलं, आणि माल आज निघाला.

चौथ्या वाल्वचं राहिलेलं उत्तरही पाठवायचंय. नट ढिला केल्यावर तो काल मी पन्नास वेळा उघडला आणि बंद केला. दर दहा फेऱ्यांनी ग्लँडपाशी बोट फिरवून ओल लागते का पाहिलं. कोरडा होता. वाक्य केलंय: “योन्बान नो बारुबु ओ गोजुक्काइ आकेते मिमाशिता गा, मोन्दाइ वा आरिमासेन देशिता.” पन्नास वेळा उघडून बघितला, अडचण आली नाही. या वेळी ‘आकेते’ आहे, ‘आकेयो’ नाही. बरोबर ना?


सुरसागरकाठी (बडोदा)

व्याकरण पूर्ण बरोबर आहे. मुलांना फळ्यावर लिहून दाखवावं असं वाक्य आहे.

तरी एक बदल सुचवते. पन्नास वेळा, मोजून, दर दहाला बोट फिरवून, ही तुम्ही ठरवून केलेली चाचणी आहे. ‘ते मिमाशिता’ म्हटलं की सहज उघडून बघितल्यासारखं वाटतं, आणि तुमचं काम आहे त्यापेक्षा हलकं दिसतं. रिपोर्टमध्ये सरळ क्रियापद ठेवा. उघडझापीला त्यांच्याकडे नेमका शब्द आहे, काइहेइ. “योन्बान नो बारुबु ओ गोजुक्काइ काइहेइ शिमाशिता गा, मोन्दाइ वा आरिमासेन देशिता.” ग्लँड कोरडा होता हेही पुढच्या ओळीत लिहा. त्यांना तेच हवं असेल.